विश्लेषण : त्सुमागोने गाव राखले, सिंदखेडराजा फक्त वाडाच राखणार?

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. १५९८ मध्ये राजमाता जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा पाहायला राज्यभरातून लोक येतात. मात्र वाडा पाहून माणूस लगेच परत फिरत असेल, तर गावाच्या पदरात काय पडते?

इथे आहे काय?

लखुजीराजे जाधवांचा राजवाडा व समाधी, रंगमहाल, नीळकंठेश्वर मंदिर, पुतळाबारव, काळाकोट आणि मोती तलाव. २०२४ मध्ये समाधी परिसरातील उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्तीही सापडली. एका दिवसात उरकावे असे हे गाव नाही.

जपानमध्ये काय झाले?

त्सुमागो हे क्योतो-एदो मार्गावरचे मुक्कामाचे गाव. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडू लागले. १९६८ पासून लाकडी घरांची दुरुस्ती सुरू झाली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनीच ठरवले : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९७५ मध्ये जपानने कायदा बदलून एकेका वास्तूऐवजी संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी त्सुमागोला ते मिळाले. आज तिथे दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी असते.

आपल्याकडे अडते कुठे?

आपला कायदा मुख्यतः स्मारक पाहतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याला बंधन येते, मदत नाही. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, सागवानी खांबाला वाळवीपासून जपावे लागते. हा खर्च मालकाने एकट्याने का सोसावा? मग तो स्लॅब टाकतो. त्यात त्याची चूक नाही.

आता काय करावे?

समृद्धी महामार्गामुळे सिंदखेडराजा नागपूर, मुंबईला जवळ आले आहे. पण त्याच रस्त्याने पर्यटक तासाभरात निघूनही जाऊ शकतो. त्याला थांबवायचे तर आधी जुन्या वस्तीतील घरांची नोंद करावी, दुरुस्तीला अनुदान द्यावे आणि वाड्यापासून बारवेपर्यंत पायी फिरण्याचा मार्ग आखावा. नियम मात्र तिथे राहणाऱ्यांना विचारूनच ठरावेत. त्सुमागोत सरकारी शिक्का नंतर बसला. गावाने त्याआधीच ठरवले होते.