अ‍ॅग्रिगेशन स्विचांच्या निविदेतील अटी बदलण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय

विषय: परिसरातील संगणक जाळ्यासाठी घ्यावयाच्या अ‍ॅग्रिगेशन स्विचांच्या तांत्रिक अटींत दुरुस्ती होण्याबाबत.

महोदय,

इमारतीइमारतींतली वाहतूक एकत्र करून मुख्य राउटरकडे नेणाऱ्या स्विचांच्या निविदेचा मसुदा तयार आहे. त्यात भर आहे तो एकूण स्विचिंग क्षमतेवर आणि ४० गिगाबिटच्या अपलिंकवर. यातल्या पहिल्या आकड्यावरून निवड होऊ शकत नाही, आणि दुसरी अट कालबाह्य झाली आहे, असे आमचे म्हणणे आहे. सगळ्या पोर्टांच्या वेगांची बेरीज करून दुप्पट केली की माहितीपत्रकातली क्षमता तयार होते. ती अट बहुतेक प्रत्येक कंपनी पूर्ण करते. वाहतूक तुंबते ती जिथे वेग उतरतो तिथे. १०० गिगाबिटने आलेला लोंढा १० गिगाबिटच्या पोर्टातून बाहेर पडायचा असेल, तर ३२ मेगाबाइटचा अख्खा बफर त्या एका पोर्टाला दिला तरी तो ३ मिलिसेकंदांच्या आत भरतो आणि पुढची पॅकेट गळू लागतात. मसुद्यात बफरचा उल्लेखही नाही.

सध्याच्या आलेखात वापर कमीच दिसतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. पण असे आलेख सहसा पाच मिनिटांची सरासरी दाखवतात, आणि काही मिलिसेकंदांचा लोंढा सरासरीत दिसत नाही. तो दिसतो पोर्टावर गळालेल्या पॅकेटांच्या नोंदीत. ती नोंद आधी काढावी. इंटरनेटची जोडणी लहान आहे हेही उत्तर पुरेसे नाही, कारण प्रयोगशाळांचा डेटा, बॅकअप आणि कॅमेऱ्यांचे चित्रण परिसराच्या आतच फिरते.

४० गिगाबिट म्हणजे १० गिगाबिटच्या चार वाटा. १०० गिगाबिट म्हणजे २५ च्या चार. त्यामुळे २५ आणि १०० ची जोडी घेतली तर इमारतीचा दुवा आज १० वर ठेवून उद्या फक्त ट्रान्सीव्हर बदलून २५ वर नेता येतो. यात एक खोच आहे: अनेक स्विचांत चार-चार पोर्टांचा गट एकाच वेगावर ठेवावा लागतो, हे बोलीपूर्व बैठकीतच विचारून घ्यावे. खरी हरकत फायबरची आहे, आणि ती रास्त आहे. ओएम३ मल्टिमोड फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटर जाते, २५ गिगाबिट मात्र ७० मीटरच. पण ४० गिगाबिटलाही त्याच फायबरवर सर्वसाधारणपणे १०० मीटरचीच मर्यादा आहे, शिवाय त्याला एका जोडीऐवजी आठ तंतू लागतात. लांबच्या इमारतींना सिंगलमोड टाकणे दोन्ही पर्यायांत अटळ आहे.

न्यूनतम दराचे बंधन आम्हाला मान्य आहे. दोन लिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफा नीट लिहिला तर ते बंधन आड येत नाही. म्हणून त्यात बफरचे आकारमान व वाटप, आणि आयपीव्ही६ च्या नोंदींची क्षमता (एकाच मोबाइलचे तिथे अनेक पत्ते असतात) लेखी मागावी; दोन स्विचांपैकी एक बंद पडल्यावर वाहतूक चालू राहते का, याची चाचणी आपल्याच फायबरवर घ्यावी; आणि ट्रान्सीव्हर, परवाने व पाच वर्षांची देखभाल यांसह एकूण खर्चावर दर तोलावा. फायबरची मोजणी आणि गळतीची नोंद हाती येईपर्यंत निविदा प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपले विश्वासू,
परिसरातील शिक्षक व संशोधक