पाठीवरचा नंबर

ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या चिरंजीवांनी अन्नसत्याग्रह पुकारला. शाळेच्या फुटबॉल संघात आजवर सेंटर फॉरवर्ड म्हणून मिरवणाऱ्या या वीराला क्रीडाशिक्षकांनी बॅकच्या जागी पाठवले होते. गोल मारतो तो खेळाडू, मागे उभा राहतो तो राखणदार, असे त्यांचे तत्त्वज्ञान.

मी पडलो मराठीचा मास्तर. फुटबॉलशी माझे नाते केवळ वाचनाचे. तरीही मी फराळाचे ताट पुढे ओढले. दहा चकल्या म्हणजे इंग्लंड, दहा शंकरपाळे म्हणजे हंगेरी, आणि दोन्हीकडे गोलरक्षक म्हणून एकेक बेसनाचा लाडू.

"२५ नोव्हेंबर १९५३. लंडनचे वेम्बली मैदान," मी सुरुवात केली.

इंग्लंडची मांडणी 'डब्ल्यू-एम' नावाची. पुढचे पाच गडी रेघांनी जोडले की इंग्रजी डब्ल्यू होतो, मागचे पाच जोडले की एम. हिचे मूळ १९२५ सालच्या नियमबदलात आहे. त्यापूर्वी पुढे चेंडू मिळणाऱ्या गड्यासमोर प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर ऑफसाइड; त्या साली दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला. मग मधला हाफ मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभा केला गेला. त्याचे मुख्य काम एकच, प्रतिपक्षाच्या सेंटर फॉरवर्डला सावलीसारखे चिकटायचे. इंग्लंडकडून हे काम हॅरी जॉन्स्टनकडे होते.

हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर नंबर होता नऊ, म्हणजे सेंटर फॉरवर्डचा. पण हा गृहस्थ उभा राही बराच मागे, मैदानाच्या मध्याकडे! मी एक शंकरपाळा मागे सरकवला. जॉन्स्टनची चकली बिचारी पेचात पडली. त्याच्यामागे जावे, तर पाठीमागचे दार उघडे. त्यातून पुश्काश आणि कोचिश आत शिरणार. जागेवर थांबावे, तर हिदेगकुटी मोकळा. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला. सामना संपला तेव्हा हंगेरी सहा, इंग्लंड तीन. सहांपैकी तीन हिदेगकुटीचे. युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंड स्वदेशात प्रथमच हरले.

"हे आपल्या व्याकरणासारखंच आहे," मी म्हणालो. "'रामाने आंबा खाल्ला' यात 'रामाने'ला प्रत्यय तृतीयेचा, पण काम कर्त्याचं! पाठीवर काय लिहिलंय ते पाहू नये, वाक्यात तो काय करतो ते पाहावं."

"पण त्याला बॅक नव्हतं केलं, बाबा."

मी जाकार्ता काढले. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत आपला बलदंड बॅक जर्नेलसिंग डोक्याला जखम होऊन टाके घालून बसलेला. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड केले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध आपण दोन-एक असे जिंकलो; एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा.

"म्हणजे बॅकचा फॉरवर्ड झाला. माझं तर उलट झालंय!"

मुद्दा बिनतोड होता. मी क्षणभर गप्प बसलो.

"असं बघ," मी म्हणालो, "बॅकची नजर कुठे चुकते, हे जर्नेलसिंगला ठाऊक असणारच, जन्म त्याच कामात गेला होता. तू फॉरवर्ड होतास. फॉरवर्ड कुठे पळणार, कुठे हूल देणार, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुठल्या बॅकला कळेल? सरांनी तुला मागे ढकललं नाही, तुझी अक्कल मागे नेली."

चिरंजीव विचारात पडले. विजयाच्या आनंदात मी लाडवाकडे हात नेला, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, आणि जूनमध्ये एम.ए.चा वर्ग काढून तुम्हाला पहिल्या वर्षावर घातलं, तेव्हा आठ दिवस कोण धड जेवत नव्हतं?"

माझा हात लाडवावरच थांबला. त्या पहिल्या वर्षाच्या निबंधांच्या वह्या जुलैपासून कपाटावर न तपासता पडल्या होत्या.

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, हॅरी जॉन्स्टनची चकली उचलली आणि कडकन मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. ती खाऊन मी मुकाट्याने वह्या खाली काढल्या.