सोयगावची शेवटची गाडी

केंब्रिजला नोकरीला गेलेले मराठी कुटुंब केंब्रिज शहरातच घर घेईल असे नाही. शहराला चहूबाजूंनी वेढणारा साउथ केंब्रिजशायर नावाचा तालुकावजा जिल्हा आहे, जवळपास सगळा खेड्यांचा. तिथे राहायचे आणि कामाला, शिकायला, दवाखान्याला शहरात जायचे, ही तिथली सर्रास रीत. आपल्याकडे याचे कारण हिरवळ आणि शांतता असे सांगितले जाते. पण हिरवळ छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यातही आहे. वर अजिंठ्याचा डोंगर आहे, खाली सोना नदी आहे, १९८३ पासून जागतिक वारसा असलेली लेणीही याच तालुक्यात आहेत. तरी इथला तरुण पदवी झाली की खोली शोधायला शहर गाठतो. त्याला बांधून ठेवणारी गोष्ट निसर्ग नाही. सकाळी शहरात नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी असेल, तरच गावात घर ठेवणे परवडते.

केंब्रिजच्या परिसरात हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. केंब्रिज ते सेंट आयव्हज हा जुना रेल्वेमार्ग १९७० मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. त्याच पट्ट्यावर पुढे फक्त बससाठीचा मार्ग बांधला गेला आणि तो ऑगस्ट २०११ मध्ये खुला झाला. खर्च अंदाजाबाहेर गेला, उशीरही झाला, तेव्हा त्याला आदर्श म्हणून मिरवायचे कारण नाही. पण बंद पडलेल्या रुळांची जागा पुन्हा गावकऱ्यांच्या कामी आली. शिवाय साउथ केंब्रिजशायरच्या जिल्हा परिषदेने आपले मुख्य कार्यालयच २००४ मध्ये केंब्रिजमधून उचलून कॅमबोर्न या नव्या वसाहतीत नेले. इकडे उलटे झाले: सोयगावच्या शेजारून, शेंदुर्णीवरून, पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे धावत होती. कोरोनाकाळात ती थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज मंजूर आहे, पण मंजुरीत बसून कोणी कॉलेजला जात नाही.

सोयगावची अडचण जरा निराळीही आहे. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, विद्यापीठही तिथलेच, म्हणजे १९५८ मध्ये स्थापन झालेले आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारे. अंतर मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास आणि मध्ये घाट. त्यामानाने जळगाव जवळ. तिथे कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे आणि २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. बाजारहाट, लग्नसंबंध आणि बोलीचे वळणही खानदेशाकडचे. कागद संभाजीनगरला आणि जगणे जळगावकडे, असा हा तालुका आहे. जिल्हा बदलून द्या, असे म्हणणे नाही. तो वाद नुसता वर्षे खातो. एसटीच्या फेऱ्या मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर न आखता विद्यार्थी आणि रुग्ण जिथे जातात तिथे आखता येतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की गाडी वाढली की माणसे जास्तच जातील. माणसे आजही जातातच, आणि गाडी नसल्यामुळे बिऱ्हाडासकट जातात. रोजची ये-जा ही त्यावरची तोड आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: केंब्रिजभोवतीच्या गावांत घरे इतकी महागली की सामान्य कामगाराला ती परवडत नाहीत, मग आपण तीच वाट का धरावी? तो धोका खरा आहे, पण सोयगावला तो उद्याचा आहे. आजचा प्रश्न रिकाम्या वाड्यांचा आहे. सवलतींचीही वानवा नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे. पण तासिका सुरू होण्याआधी पोहोचवणारी आणि प्रयोग संपल्यावर परत आणणारी गाडी नसेल, तर पास पाकिटात राहतो.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,१०६ कोटी रुपये, आणि अजिंठा जोडला जाणार म्हणून पर्यटनाचे ढोल आधीच वाजले आहेत. लेणी पाहणारा वर्षातून एकदा येतो, कॉलेजचे पोर रोज जाते. वेळापत्रक ठरेल तेव्हा सकाळी जळगावकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी पॅसेंजर आधी लिहा, पर्यटकांच्या गाड्या नंतर. आणि रूळ पडेपर्यंत एवढ्याच दोन वेळांना एसटी सोडा.