स्ट्रायकर तुमच्या बोटाचा हवा

पावसाची झड लागली की रत्नागिरीत घरोघरी कॅरम बोर्ड खाली निघतो. मुले चांगला स्ट्रायकर पटकावतात, आईच्या वाट्याला उरलासुरला. मग नेम चुकला की ‘मला नाही बाई जमत’ म्हणून आपण उठतो! दोष बोटाचाच असतो असे नाही, भगिनींनो.

नियमाने स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपर्यंत आणि व्यास ४.१३ सेंटिमीटरपर्यंत चालतो. सोंगटी जेमतेम ५ ग्रॅमची. त्यामुळे फार जड स्ट्रायकर सोंगटीपाठोपाठ स्वतःही पॉकेटात जातो. फार हलका टक्कर होताच भरकटतो.

घेताना दुकानातच पाच-सहा फटके मारून पाहावे. बोटाला हिसका न देता, समोरच्या कडेला आपटून तो आपल्या रेषेपर्यंत परत आला, तर तो तुमचा. काचेवर ठेवून दाबावा. डुगडुगला तर नको. कडेवरून नख फिरवून टवके पाहावेत.

बोरिक पावडर बेताचीच घालावी, पोटात गेल्यास ती अपायकारक. लहानग्यांपासून दूर ठेवावी.

रत्नागिरीच्या आकांक्षा कदमने कॅरममध्ये नाव काढले आहे. आपल्याला निदान दुपारचा एक डाव तरी हक्काचा हवाच! तुमचा स्ट्रायकर वेगळ्या डबीत ठेवा, आणि कुणी मागितला तरी देऊ नका.