पागोळीचे पाणी

ज्येष्ठ लागला की आमचा शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो, आणि माघ सरला की त्याची बायको विहिरीच्या तळाकडे पाहू लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे पाणी त्यांच्याच घराच्या पागोळ्यांवरून गळून, अंगणाचा चिखल करून, ओढ्याला मिळून चालते झाले, त्याकडे मात्र दोघांपैकी कोणीही पाहिलेले नसते. दाराशी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारणारा आमचा समाज दाराशी आलेल्या पाण्याला मात्र ‘बस’ म्हणत नाही. मग चैत्रात त्याच पाण्यासाठी टँकरवाल्याच्या पाया पडतो. हा काय प्रकार आहे, याचा विचार आमच्या शेतकरी व कामकरी बांधवांनी शांतपणे करावा, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम हिशेब पाहू. हिशेबाचे नाव काढले की आमची माणसे अंग चोरतात, व म्हणूनच आजवर दुसऱ्यांनी मांडलेल्या हिशेबावर अंगठे उठवीत आली. हा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. पंधरा फूट रुंद व वीस फूट लांब असे पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. नगर, बीड, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग अशा अवर्षणाच्या मुलखातही बऱ्या वर्षी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे त्या एवढ्याशा छपरावर १४,००० लिटर पाणी पडले. उडाले, सांडले, पहिले घाण म्हणून सोडून दिले असे एक पंचमांश वजा करा; तरी ११,००० लिटर हाती राहते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व रांधण्यास माणशी पाच लिटर धरले तर रोजचे २५ लिटर, आणि कोरड्या आठ महिन्यांचे ६,००० लिटर लागते. तेव्हा गरजेच्या जवळजवळ दुप्पट पाणी देव म्हणा, निसर्ग म्हणा, आमच्या छपरावर आणून टाकतो. ते धरून ठेवण्याची अक्कल मात्र तो पावसाबरोबर पाठवीत नाही. ती आपली आपणच मिळवावी लागते.

हे ६,००० लिटर म्हणजे १५ लिटरांचा एक याप्रमाणे ४०० हंडे झाले. हे ४०० हंडे कोणाच्या डोक्यावरून येतात, हे वाचकांस सांगणे नलगे. पुरुष चावडीवर बसून दुष्काळाची चर्चा करतो व बाई दुष्काळ डोक्यावर वाहते. आईबरोबर मुलगीही कळशी घेऊन निघते, आणि शाळेची घंटा होते तेव्हा ती ओढ्यातल्या झऱ्यापाशी पाझराची वाट पाहत बसलेली असते. मुलींच्या शिक्षणाच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी आपल्या घरचा हंडा कोण भरते, हे आधी पाहावे.

कोकणाची तर गोष्टच न्यारी! तेथे ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नव्हे. वर सांगितलेल्या छपरावर तेथे साठ हजार लिटरांहून अधिक पाणी हाती येईल. तरीही डोंगरावरच्या कातकरी, ठाकर व धनगर वाड्यांत वैशाखात बायका एकेका हंड्यासाठी डोंगर उतरतात व चढतात. पाऊस उदंड, पण जमीन उताराची व कातळाची. आलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. पाऊस कमी म्हणून तहान, ही समजूत किती खोटी आहे, हे या एका उदाहरणावरून कळावे.

मग आम्ही पाणी का धरीत नाही? आमच्या मते याचे कारण आमच्या तीन आशा. पहिली आशा देवावर. पाऊस लांबला की कोठे पर्जन्ययाग होतो, कोठे बेडकांचे लग्न लागते, कोठे देवाला पाण्यात कोंडतात. यज्ञात किती डबे तूप जळते त्याचा हिशेब कोणी विचारीत नाही. पण तेवढ्याच पैशात शाळेच्या छपराला पन्हळ बसवू म्हटले की वर्गणी मिळत नाही. तूप खाऊन ढग येत असते तर तुपाच्या वखारीवर बारमाही पाऊस पडला असता.

दुसरी आशा बोअरवर. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग जमीन काळ्या पाषाणाची. या खडकात पाणी असते ते वरच्या मुरमाड थरात व चिरांत. आणि तेही पावसाने वरून मुरेल तेवढेच. आमचा शेतकरी पाणाड्याच्या तळहातावरील नारळ उभा राहिला की कर्ज काढतो, आणि दोनशे, चारशे, सहाशे फूट खाली जाऊन धूळ विकत घेतो. एकाने भोक खोल नेले की शेजाऱ्याची विहीर आटते, आणि मग शेजारीही भोक पाडतो. ज्या पेवात कोणी धान्य टाकीत नाही, त्यात सगळ्या गावाने हात घातला तर शेवटी काय सापडणार? शिवाय यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत खोल पाण्यात फ्लोराइड निघते व पिणाऱ्यांचे दात आणि हाडे बिघडतात. अकोला, अमरावती, बुलढाणा यांच्या खारपाणपट्ट्यात विहीर लागली तरी पाणी तोंडात धरवत नाही. अशा ठिकाणी छपरावरचे गोडे पाणी अमृतासारखे समजावे.

तिसरी आशा सरकारच्या टँकरवर. या आशेचा शेवट कोठे होतो ते २०१६ साली लातुराने दाखविले. तेथे पाण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या एप्रिलात पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले. २०११ च्या गणतीप्रमाणे त्या शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या खेपेत माणशी दीड लिटरही आले नाही. सरासरी वर्षी सातशे मिलिमीटरांहून जास्त पाऊस घेणाऱ्या गावाची ही कथा!

कोणी म्हणेल, छपराचे पाणी ही नवी टूम साहेबांच्या देशातून आली असेल. मुळीच नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरावर शंभरांहून अधिक लेणी आहेत. तेथे ना नदी, ना नळ. पण लेण्यांच्या तोंडाशी कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी त्यांत वळविले, व त्यावर भिक्षूंचा संघ शतकानुशतके राहिला. तेथल्या शिलालेखांत या टाक्यांस ‘पोढी’ म्हटले असून, ती दान देणाऱ्यांत राजेच नव्हे, तर कल्याणच्या सोनारासारखे हातावर पोट असलेले कारागीरही आहेत. आमच्या डोंगरी किल्ल्यांवर शिबंदीने वर्षे काढली ती अशाच टाक्यांवर. ती टाकी खोदणारे हात आमच्याच पूर्वजांचे होते. आज त्यांचे पोवाडे गाणारे आम्ही, आमच्या छपराला एक पन्हळ लावू शकत नाही!

आता कृतीकडे वळू. छपराच्या कडेला पत्र्याची किंवा अर्ध्या चिरलेल्या नळाची पन्हळ थोडा उतार देऊन बसवावी. पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून घ्यावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत घेऊ नये; त्यात धूळ, पाला व पाखरांची घाण असते. त्यासाठी नळाला बाजूने एक तोंड ठेवून ते पाणी बाहेर सोडावे. नंतरचे पाणी खडी, कोळसा व वाळू यांच्या थरांतून गाळून टाकीत घ्यावे. साडेसहा फूट व्यासाची व तितक्याच उंचीची टाकी सुमारे ६,००० लिटर धरते. लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून अशी टाकी गावचा गवंडी बांधू शकतो, व तिला विटांच्या टाकीपेक्षा माल कमी लागतो. टाकी वरून बंद असावी, म्हणजे उजेड शिरून शेवाळ धरणार नाही. हवेच्या व सांडव्याच्या तोंडांना बारीक जाळी असावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. पाणी भांडे बुडवून न काढता तोटीने काढावे. पिण्याचे पाणी उकळावे किंवा त्यात सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीन घालावे. तुरटीने गाळ बसतो, परंतु रोगाचे जंतू मरत नाहीत, हे विसरू नये. ज्याला टाकी झेपत नाही त्याने दोनशे लिटरांचे एक पिंप ठेवून आरंभ करावा. पावसाळ्यातल्या खेपा तरी वाचतील. सांडव्याचे पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवावे, म्हणजे विहिरीचे ऋण थोडे तरी फिटेल.

आलेले पाणी जपणे हे दुसरे अंग. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी गल्लीत सोडून डास पोसण्यापेक्षा ते परसातील शेवगा, पपई, आळू व केळीला द्यावे. परस नसेल तर शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, तेव्हा गटारे गेली व डासही हटले. थेंबाथेंबाने गळणारी तोटी दिवसाकाठी दहा-पंधरा लिटर नेते. तिला आठ-चार आण्यांचा चामड्याचा वायसर नव्हे, तर आज दहा-वीस रुपयांचा रबरी वायसर लागेल, पण तेवढाच. ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र आले आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, ते एक लिटर शुद्ध देताना बहुधा दोन-तीन लिटर टाकून देते. ते टाकलेले पाणी फरशी पुसण्यास खुशाल वापरावे.

पण काटकसरीचा उपदेश केवळ खेड्यालाच करावा, हे आम्हांस मान्य नाही. सरकारी मापाप्रमाणे भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, व खेड्यात घरोघर नळ देण्याच्या योजनेत ५५ लिटर. खेड्यातल्या माणसास तर गुरेही पाजायची असतात! ज्याच्या शिवारात धरण झाले, ज्याची जमीन धरणाखाली बुडाली, त्याच्या घरी हंडा रिकामा, आणि खाली शहरात मोटारी धुतल्या जातात. ऊन्हात राबणाऱ्याची तहान लहान व सावलीत बसणाऱ्याची मोठी, हे शास्त्र कोणत्या ऋषीने लिहिले, ते आम्हांस कळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या हाती पाण्याची किल्ली, त्याच्या हाती गाव. टँकर प्रथम कोणाच्या वाड्यापाशी थांबतो व महारवाड्यात, मांगवाड्यात, वडारवस्तीत किती उरते, हे गावोगावचे वाचक जाणतात. ही किल्ली ओळखूनच जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. १९२३ साली रावबहादुर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. तरी त्याच हक्कासाठी डॉ. आंबेडकरांना १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ साली मिळाला. हे जुने झाले म्हणून कोणी हात झटकू नयेत. २०१६ साली वऱ्हाडातील एका गावी विहिरीवर बायकोचा अपमान झाला म्हणून एका दलित मजुराने सुमारे चाळीस दिवस एकट्याने खणून स्वतःची विहीर काढली. त्याच्या कष्टास आम्ही मुजरा करतो. पण त्याला ती खणावी लागली, याची लाज गावाने बाळगावी.

यावरून दोन बोध निघतात. पहिला हा की, आपल्या छपराचे पाणी ज्याने आपल्या टाकीत धरले, त्याला पाण्यापायी कोणापुढे मान वाकवावी लागत नाही. दुसरा हा की, ज्याचे छप्पर गवताचे किंवा हातभर आहे, त्याला ‘तू तुझे पाहा’ म्हणणे हा अन्याय होय. सबब शाळा, चावडी, देऊळ, सोसायटीची वखार यांच्या मोठ्या छपरांचे पाणी गावच्या टाकीत घ्यावे, आणि त्या टाकीची तोटी जात न विचारता सर्वांस खुली असावी. ज्या देवळाचे छप्पर सर्वांच्या वर्गणीने झाले, त्याच्या पागोळीवर कोणा एकाचा हक्क कसा?

हे सांगताना सरकारास आम्ही मोकळे सोडीत नाही. घरोघर नळ देण्याची २०१९ साली केलेली प्रतिज्ञा २०२४ पर्यंत पुरी व्हायची होती. तिची मुदत पुढे २०२८ पर्यंत लांबविली. मुदत लांबते, तहान लांबत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींस जो पैसा दिला, त्यातील साठ टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी राखलेला होता, आणि पावसाचे पाणी साठविणे हे काम त्यात नाव घेऊन सांगितलेले होते. आपल्या गावी त्याचे काय झाले, हा प्रश्न आमच्या बांधवांनी, व विशेषतः भगिनींनी, ग्रामसभेत उभे राहून विचारावा. उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

शेतकऱ्याच्या दैन्यावर उपाय सांगताना जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ताली-बंधारे बांधून पावसाचे पाणी शेतातच मुरविण्याचा आग्रह धरला होता. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे झाली. शेताचे राहो, निदान घराचे तरी आम्ही करू या. येत्या मृगापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजावी, तिला आपल्या तालुक्याच्या पावसाने गुणावे, व आपण दरवर्षी किती हंडे ओढ्यात ओततो हा आकडा घरच्या बाईस वाचून दाखवावा. पुढे काय करायचे ते ती सांगेल. त्या वेळी निदान एवढे करावे, की तिचे ऐकावे.