परवान्यातील फेरफार

मायक्रोसॉफ्टसारख्या मातब्बर कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांनी, जगातील इतर अभ्यासकांना काही सामग्री मोफत उतरवून घेता यावी या सद्हेतूने, जुलै २०२० मध्ये एक दुवा प्रसिद्ध केला आणि त्या दुव्यातच प्रवेशाचा परवाना गुंफून ठेवला. तो ठरावीक सामग्री वाचण्यापुरता असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो संपूर्ण साठवण-खात्यावर वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुसून टाकण्याचाही अधिकार बहाल करीत होता. ‘विझ’ या सुरक्षासंस्थेने जून २०२३ मध्ये ही गोष्ट कंपनीच्या नजरेस आणली, तोवर दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या प्रती आणि तीस हजारांहून अधिक अंतर्गत संदेश धरून ३८ टेराबाइटांचा ऐवज उघड्यावर पडून होता. मला मात्र या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील निराळाच वाटतो. परवान्याची मुदत ऑक्टोबर २०२१ मध्ये संपत आली तेव्हा तो नव्याने करण्यात आला. त्या वेळी अधिकाराची कलमे होती तशीच राहिली आणि मुदत तेवढी २०५१ पर्यंत वाढली.

असा परवाना म्हणजे वेब एपीआयच्या व्यवहारातील ॲक्सेस टोकनच. वेब एपीआय म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडे काम मागण्याची ठरवून दिलेली रीत, आणि ॲक्सेस टोकन म्हणजे ते काम मागणाऱ्याच्या हाती दिलेले अक्षर-अंकांचे मुखत्यारपत्र. आपला पासवर्ड परक्यास न सांगता त्याच्याकडून आपले काम करवून घेता यावे, यासाठी ही योजना निघाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओऑथ २.०’ या मानकाने तिला सर्वमान्य रूप दिले. कागदी मुखत्यारपत्रावर मुखत्याराचे नाव असते, टोकनाच्या बाबतीत मात्र बहुधा ज्याच्या हाती ते पडेल तोच मुखत्यार ठरतो. म्हणून त्यातील अधिकार किती आणि ते मागाहून उणे करता येतात की नाही, या प्रश्नाला एवढे महत्त्व.

या प्रश्नाचे उत्तर परवान्याची नोंद कोठे आहे यावर अवलंबून असते. काही टोकने नुसत्या निरर्थक अक्षरांची असून त्यांचा अर्थ सर्व्हरच्या दफ्तरात लिहिलेला असतो. तेथे नोंदीत फेरफार केला की पुढच्याच मागणीला नवा हुकूम लागू होतो. दुसऱ्या जातीच्या टोकनात अधिकाराची कलमे टोकनातच लिहून त्यावर गुप्त किल्लीची सही केलेली असते. ते तपासताना दफ्तर उघडावे लागत नाही, आणि म्हणूनच दफ्तरात कितीही खाडाखोड केली तरी मुदत सरेपर्यंत जुना परवाना खराच ठरतो. मायक्रोसॉफ्टचा परवाना या दुसऱ्या जातीचा. तो दिल्याची नोंदसुद्धा साठवणसेवेकडे नव्हती, आणि तो रद्द करावयाचा तर सहीची किल्लीच बदलणे, म्हणजे त्याच किल्लीने दिलेले इतर निरपराध परवानेही बुडवणे, भाग होते. सहीच्या टोकनाची मुदत तासाभराहून अधिक नसावी, हे एवढ्यावरूनच उमगावे.

अधिकार उतरवणे आणि अधिकार चढवणे या दोन क्रियांना एकच नियम लावू नये, असे माझे ठाम मत आहे. उतरवण्याचे काम एपीआयमार्फत, यंत्राकडून, मध्यरात्रीदेखील, कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता होऊ द्यावे. त्यात चूक झालीच तर फार तर एखादे काम खोळंबेल. चढवण्याचे काम मात्र खातेदाराच्या स्वतःच्या संमतीवाचून कदापि होऊ नये, कारण ज्या टोकनास आपल्याच अधिकारात भर घालता येते त्याला घातलेली मर्यादा चोरापुढे क्षणभरही टिकत नाही. या दोन्ही नियमांची उदाहरणे आजही आहेत. प्रोग्राम साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर एखाद्या ॲपने वाढीव अधिकार मागितले तर खातेदार मान्यता देईपर्यंत ते जुन्याच अधिकारांवर चालते. फेसबुकच्या एपीआयमध्ये ॲपला दिलेल्या परवानग्यांपैकी एखादीच निवडून मागे घेता येते. (फेसबुकचे कौतुक करताना लेखणी अडखळते खरी, मित्राच्या संमतीवर आपली माहिती परक्या ॲपच्या हवाली करणारी, २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात चव्हाट्यावर आलेली व्यवस्था याच कंपनीची.)

काही सेवांमध्ये दिलेल्या टोकनाचे अधिकार बदलताच येत नाहीत. जुने मोडून नवे घ्यावे लागते. तर्कदृष्ट्या ही पद्धत बिनतोड आहे, परंतु तिचा व्यवहारातील परिणाम तिच्या कर्त्यांनी लक्षात घेतलेला दिसत नाही. नवे टोकन दहा ठिकाणी नेऊन बसवण्याची कटकट पुन्हा नको, म्हणून मनुष्य पहिल्याच वेळी सगळे अधिकार मागून मोकळा होतो. आणि कामापुरताच अधिकार द्यावा हे जे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडून ठेवले, ते कागदावरच राहते.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, अशी तरतूद आहे. ती पाळली गेली की नाही, हे पडद्यावर ‘रद्द’ असे लिहिलेली कळ दिसते एवढ्यावरून ठरवू नये. ती कळ दाबल्यावर त्या संमतीच्या जोरावर दिलेल्या टोकनांचे अधिकार किती वेळात उतरतात, हे तपासणी करणाऱ्यांनी विचारले पाहिजे. तोवर वाचकांनी आपल्या गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपांची यादी एकदा उघडावी, आणि ज्याचे नावही ओळखीचे वाटत नाही त्याचा परवाना आजच काढून घ्यावा.