बाही वर करायला लाजू नका

सोरायसिसला मराठीत सगळ्यांना कळेल असं नाव नाही. कुणी त्याला खरूज म्हणतं, कुणी इसब, कुणी गजकर्ण, आणि कुणी आवाज खाली आणून 'तसलंच काहीतरी' म्हणतं. यातलं एकही बरोबर नाही. सोरायसिस संसर्गाने होत नाही. हात लावल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, एकच टॉवेल वापरल्यानेही नाही. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी हा रोग आणि कुष्ठरोग वेगळे आहेत हे १८४१ साली स्पष्ट केलं. त्याला आता पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, पण आपल्या मनातली अढी काही गेली नाही.

असो. आज मला लिहायचंय ते कातडीबद्दल कमी आणि हृदयाबद्दल जास्त. बिचकू नका, दोन्हींचा संबंध आहे.

२००६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी घेऊन सोरायसिस असलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार माणसांची तुलना तो नसलेल्या साडेपाच लाखांशी केली. धूम्रपान, वजन, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरलाच. ज्यांचं नुसत्या मलमाने भागत नाही अशा तीव्र सोरायसिसमध्ये तिशीच्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका सुमारे तिप्पट दिसला. साठीत तोच ३६ टक्के जास्त, आणि सौम्य सोरायसिस असलेल्या तिशीच्या माणसाला २९ टक्के जास्त.

'तिप्पट' वाचून घाबरू नका. तिशीत हा धोका मुळातच थोडा असतो, आणि थोड्याची तिप्पट म्हणजेही थोडंच. पण तिशीतल्या माणसाच्या हृदयाकडे कुणाचं लक्षच नसतं, हे विसरू नका.

मी मराठी शिकवणारी बाई, शास्त्र शिकवणारी नव्हे. तरी मला समजलं ते असं. आपली कातडी साधारण महिन्याभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था विनाकारण खवळते आणि तेच काम काही दिवसांत उरकतं. मग खालून घाईने आलेल्या पेशींचे थर साचून खवले पडतात. हा जो दाह आहे तो कातडीपुरता राहत नाही, रक्तातून सगळीकडे फिरतो. रक्तवाहिन्यांच्या आत चरबीचे थर साचतात आणि फुटतात, त्यातही दाहाचाच हात असतो. शिवाय या रुग्णांत लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेहही जास्त आढळतात. अंगणातली आग परसापर्यंत जाते, तसंच हे.

आता जे मला खरं म्हणायचंय ते. रोग शरीरात एकत्र नांदतात, पण आपण त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर नेतो. कातडीचे डॉक्टर मलम देतात, हृदयाचे डॉक्टर छातीपुरतं बघतात. एकाचा कागद दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि रुग्ण तर मुळात लपवतच असतो.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. एकदा शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. आम्ही सगळे रांगेत, सर मात्र "मला काय धाड भरलीय?" म्हणत वर्गावर निघून गेले. कारण उघड होतं. रक्तदाब मोजायचा तर बाही वर करावी लागते! सर बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. सोरायसिसमुळेच गेले असं मी मुळीच म्हणणार नाही, ते सिगारेटही ओढत आणि त्यांच्या वडिलांनाही हृदयविकार होता. पण ज्याने रक्तदाब मोजून घ्यायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच बाही वर करायची लाज वाटावी, यात दोष एकट्या सरांचा नाही. त्यांच्या हातून खडू घेताना बोटं आखडणाऱ्यांचाही आहे.

विचार करा. खवले दिसतील म्हणून माणूस पोहायला जात नाही, व्यायामशाळेत जात नाही, चारचौघांत मिसळत नाही. मन खचतं, तंबाखू-सिगारेट जवळची वाटते, वजन वाढतं. दाह शरीराचा, पण त्यात तेल आपण ओततो.

कुणी म्हणेल, आधीच खाजेने बेजार झालेल्याला आणखी हृदयाची भीती कशाला घालायची? मला उलट वाटतं. सोरायसिस मुळापासून घालवणारं औषध आजही नाही, मात्र रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वजन यांवर उपाय करता येतात. त्याच्या उपचाराने हार्ट अटॅक टळतो हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तर या बाकीच्या गोष्टींना जास्त महत्त्व. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांतही सोरायसिसची गणना धोका वाढवणाऱ्या गोष्टींत केली आहे.

तेव्हा घरात कुणाला सोरायसिस असेल तर वय तिशीचं असलं तरी ठरावीक काळाने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, सगळ्या गोळ्यांची एकच यादी खिशात ठेवा. रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही गोळ्यांनी (बीटा ब्लॉकर गटातल्या) काहींचा सोरायसिस वाढू शकतो. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि ज्यांना सोरायसिस नाही अशा आपण सगळ्यांनी एवढंच करावं. असा हात समोर आला तर तो हातात घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही.